रिकामी वाटीसुद्धा मोजायची!



आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या वर्गात सगळ्यात कमी पुस्तकं कोणी वाचली, हे शोधायचं असेल तर तुम्ही कुठली वही उघडाल?

“वाचनालयाची!” असं तुमच्यातल्या निम्म्या मुलांनी तरी मनातल्या मनात म्हटलं असेल. मीही तसंच म्हटलं होतं, आणि चुकले होते. बाईसुद्धा चुकतात बरं का! फक्त त्यांच्या वहीवर लाल शेरा मारायला कोणी नसतं, म्हणून तुम्हाला ते कळत नाही.

तर ही माझ्या चुकीचीच गोष्ट आहे. आणि गंमत म्हणजे, हीच चूक संगणकावर काम करणारी मोठमोठी माणसंसुद्धा करतात.

गळलेली तीन नावं

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ३८ मुलं. खिडकीशेजारी एक लाकडी कपाट आहे, तेच आमचं वाचनालय. पुस्तक घरी न्यायचं असेल तर कार्ड दाखवायचं आणि देवघेवीच्या वहीत नोंद करायची: तारीख, हजेरी क्रमांक, पुस्तकाचं नाव, पुस्तकाचा प्रकार.

एकदा सहामाही परीक्षेच्या आधी मी ठरवलं, की ज्यांचं वाचन सगळ्यात कमी आहे त्यांना रोज मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं जवळ बसवून वाचून दाखवायचं. देवघेवीची वही उघडली. एकेक नोंद बघत गेले. नवा क्रमांक दिसला की कागदावर लिहायचा, पुढे एक रेघ मारायची. तोच क्रमांक पुन्हा आला की आणखी एक रेघ. तासाभरात यादी तयार! सगळ्यात खाली एक मुलगा होता, त्याच्यापुढे एकच रेघ. त्याला मी दुसऱ्या दिवसापासून जवळ बसवायला लागले.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. सभा संपल्यावर एक आई मागे थांबली. पदराशी चाळा करत म्हणाली, “बाई, एक विचारू का? आमच्या पोरीला घरी पुस्तक देत नाही का हो शाळेत? शेजारचा पोरगा आणतो, ही त्याच्या दारात बसून वाचते.”

मी चपापले. यादी काढून बघितली, तर त्या मुलीचं नावच नाही! यादीतली नावं मोजली, ती भरली ३५. वर्गात मुलं ३८. म्हणजे तीन नावं गळलेली.

ती मुलगी जुलैमध्ये दुसऱ्या गावाहून आली होती. जूनमध्ये कार्डं वाटली तेव्हा ती नव्हती. तिला कार्ड मिळालंच नाही आणि तिनं ते मागितलंही नाही. राहिलेल्या दोघा मुलांची कार्डं हरवली होती. बाई रागावतील म्हणून ते गप्प बसले होते.

बघा हं, काय झालं. मी कमीत कमी वाचणारी मुलं शोधायला निघाले होते. ज्यांनी एकही पुस्तक नेलं नव्हतं, ती तर पहिली सापडायला हवी होती. पण नेमकी तीच माझ्या यादीत नव्हती! का बरं? कारण ज्यानं पुस्तक नेलं नाही त्याची देवघेवीच्या वहीत नोंदच होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याच्यापुढे शून्य लिहिणार तरी कोण?

“ताई, तू इनर जॉइन केलास!”

माझा धाकटा भाऊ संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. त्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, “ताई, तू इनर जॉइन केलास! आमच्याकडेही ही चूक होते.” मी म्हटलं, “हसू नकोस, नीट समजावून सांग.” मग रविवारी दुपारी त्यानं ओट्यावर पाच वाट्या मांडल्या, चिंचोक्यांची बरणी घेतली आणि मला शिकवलं. तेच आता तुम्हाला सांगते. तुम्हीही वाट्या आणि चिंचोके घेऊनच बसा.

आधी संगणकाची थोडी ओळख. शाळा, बँक, रेल्वे या सगळ्यांच्या नोंदी संगणकात जिथे ठेवतात त्याला डेटाबेस म्हणतात. त्यात आपल्या वह्यांसारखेच तक्ते असतात. एका तक्त्यात मुलांची नावं, म्हणजे आपला हजेरीपट. दुसऱ्या तक्त्यात पुस्तकांच्या नोंदी, म्हणजे देवघेवीची वही. दोघांना जोडणारा धागा म्हणजे हजेरी क्रमांक. दुसऱ्या तक्त्यातल्या या जोडणाऱ्या रकान्याला फॉरेन की असं नाव आहे.

नोंदी अशा साध्या तक्त्यांत ठेवाव्यात आणि सारख्या क्रमांकांवरून एकमेकांशी जोडाव्यात, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञानं १९७० साली एका लेखात मांडली. तेव्हा तो अमेरिकेत आयबीएम या कंपनीत काम करत होता. त्याआधी माहिती शोधायची तर ती यंत्रात कुठे आणि कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असावं लागायचं. कॉड म्हणाला, माणसानं फक्त ‘काय हवं’ ते सांगावं. त्यानंतर १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारायची एक भाषा मांडली. तिचंच पुढे एसक्यूएल झालं. आजही ती जगभर वापरली जाते.

पण आज्ञावली लिहिणारा तर पायथनसारख्या वेगळ्याच भाषेत लिहीत असतो. मग मध्ये एक दुभाष्या लागतो. हा दुभाष्या पायथनमधलं बोलणं ऐकतो, एसक्यूएलमध्ये डेटाबेसला विचारतो आणि उत्तर परत पायथनमध्ये आणून देतो. त्याचं भारदस्त नाव ऑब्जेक्ट रिलेशनल मॅपर, लाडाचं नाव ओआरएम. जँगो नावाच्या साधनात असा एक दुभाष्या आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जँगो तयार झालं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवादकावरून त्याचं नाव ठेवलंय.

दुभाष्या कितीही हुशार असला, तरी आपण प्रश्न चुकीचा विचारला तर तो चुकीच्या प्रश्नाचंच बरोबर उत्तर आणून देतो! म्हणून प्रश्न कसा विचारायचा ते शिकायचं.

पाच वाट्या, नऊ चिंचोके

समजा वर्गात पाचच मुलं आहेत, क्रमांक १ ते ५. देवघेवीच्या वहीत नऊ नोंदी आहेत:

क्रमांक १ नं तीन पुस्तकं नेली. दोन गोष्टींची, एक विज्ञानाचं.
क्रमांक २ नं दोन नेली. दोन्ही गोष्टींची.
क्रमांक ३ नं एक नेलं. विज्ञानाचं.
क्रमांक ४ नं एकही नेलं नाही.
क्रमांक ५ नं तीन नेली. एक गोष्टींचं, दोन विज्ञानाची.

प्रश्न असा: प्रत्येक मुलानं विज्ञानाची किती पुस्तकं नेली? नुसतं मोजायचं नाही, अट घालून मोजायचं.

पहिली रीत. आधी चाळायचं, मग मोजायचं. देवघेवीच्या वहीतून फक्त विज्ञानाच्या नोंदी बाजूला काढा. चार निघतील. आता एकेक नोंद घ्या. त्या मुलाची वाटी ओट्यावर नसेल तर मांडा आणि तिच्यात चिंचोका टाका. झालं? बघा बरं. क्रमांक १ च्या वाटीत एक, ३ च्या वाटीत एक, ५ च्या वाटीत दोन. बेरीज चार, अगदी बरोबर! पण ओट्यावर वाट्या किती? तीन. क्रमांक २ आणि ४ कुठे गेले?

दुसरी रीत. आधी हजेरीपट उघडा आणि पाचही वाट्या मांडा. मग सगळ्या नऊ नोंदी एकेक करून वाचा. नोंद विज्ञानाची असेल तर त्या मुलाच्या वाटीत चिंचोका टाका, नसेल तर पुढे जा. आता वाट्यांत काय दिसतं? १, ०, १, ०, २. बेरीज तीच चार, पण या वेळी पाचही मुलं समोर आहेत.

चाळणी दोन्ही रीतींत आहे. फरक एवढाच, की पहिल्या रीतीत ती वाट्या मांडण्याच्या आधी लागली आणि तिच्यातून मुलंच गळून गेली. दुसऱ्या रीतीत ती चिंचोका टाकताना लागली. चाळणी मुलांना लावायची नाही, मोजणीला लावायची. माझ्या भावाचं हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय.

जँगोच्या भाषेत पहिली रीत म्हणजे आधी ‘फिल्टर’ आणि मग ‘काउंट’. दुसरी रीत म्हणजे सगळी मुलं घ्यायची, प्रत्येकापुढे ‘ॲनोटेट’ करून एक आकडा चिकटवायचा, आणि ‘फिल्टर’ची अट त्या ‘काउंट’च्या कंसात लिहायची. ॲनोटेट म्हणजे नावापुढे टीप लिहिणं. काउंटच्या कंसात अट लिहायची सोय जँगोमध्ये २०१७ च्या डिसेंबरात, आवृत्ती २.० मध्ये आली. त्याआधी थोडी लांबची वाट होती. प्रत्येक नोंदीला विचारायचं, “तू विज्ञानाची का?” हो म्हटलं तर १, नाही म्हटलं तर ०, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. ही लांबची वाटही बरोबर आहे. एक पायरी जास्त, इतकंच.

दोन खड्डे

रस्ता बरोबर असला तरी दोन खड्डे आहेत. सांभाळून चला.

पहिला खड्डा रिकाम्या ओळीचा. संगणक दोन वह्या शेजारीशेजारी ठेवून जोडतो, त्याला जॉइन म्हणतात. ज्यांची जोडी जुळते तेवढ्याच ओळी ठेवल्या तर तो इनर जॉइन. आपल्या उदाहरणात नऊ ओळी होतील आणि क्रमांक ४ नाहीसा होईल. मी तेच केलं होतं. पण ‘हजेरीपटातलं कोणीही सोडू नकोस’ असं सांगितलं तर तो लेफ्ट जॉइन. आता ओळी दहा होतात. दहावी ओळ क्रमांक ४ ची, तिच्यात मुलाचा क्रमांक आहे पण पुस्तकाचा रकाना कोरा आहे.

आता सगळ्यांची मिळून पुस्तकं मोजू. नुसत्या ओळी मोजल्या तर क्रमांक ४ पुढे काय येईल? एक! ओळ एक आहे ना. बिचाऱ्यानं पुस्तकाला हातही लावला नाही आणि नावावर एक पुस्तक! म्हणून ओळी मोजायच्या नाहीत, पुस्तकाच्या रकान्यातले भरलेले चौकोन मोजायचे. कोरा चौकोन एसक्यूएल मोजत नाही, मग उत्तर बरोबर शून्य येतं. जँगोचा दुभाष्या ‘काउंट’मध्ये नोंदींचं नाव दिलं की असाच मोजतो.

दुसरा खड्डा गुणाकाराचा. समजा तिसरी वही आहे, खेळाच्या साहित्याची. क्रमांक १ नं तीन पुस्तकं नेली आणि दोन वेळा चेंडू नेला. दोन्ही एकदमच मोजायला सांगितलं तर दुभाष्या म्हणतो, पुस्तकं ६ आणि चेंडू ६! असं कसं? तीन सदरे आणि दोन विजारी असतील तर किती वेगवेगळे पोशाख होतात? तीन दुणे सहा. संगणकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत्येक चेंडूशी जोडी लावली, सहा ओळी झाल्या, आणि त्याच मोजल्या. उपाय सोपा आहे. ‘डिस्टिंक्ट’ असं सांगायचं, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा दिसली तर ती धरायची नाही. किंवा दोन वह्या वेगवेगळ्या मोजायच्या.

या दोन्ही खड्ड्यांत संगणक ‘चुकलं’ असं म्हणत नाही. तो आकडा छापून मोकळा होतो. म्हणून उत्तर आलं की एका मुलाचं तरी वहीत बघून हातानं ताडून बघायचं. गणिताचा पडताळा घेता ना, तसंच.

शून्याला शोधत दारोदार

तुम्हाला वाटेल, बाई उगाच एवढं मनाला लावून घेतात. वाचनालयाच्या कार्डाचं ते काय! पण असं बघा. गावात ज्या बाळांना एकही लस मिळाली नाही ती शोधायची आहेत. दवाखान्याच्या लसीच्या वहीत ती सापडतील का? नाही! त्या वहीत फक्त आलेल्या बाळांच्या नोंदी. म्हणून तर आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई घरोघर जाऊन बाळांची यादी करतात. आधी सगळ्या वाट्या मांडायच्या, मग चिंचोके.

तुमच्या आईबाबांना पोलिओची मोहीम आठवत असेल. आपल्या देशात पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झालं. बूथवर डोस पाजला की बाळाच्या बोटाला शाई लावायचे. पण तेवढ्यावर काम संपायचं नाही. त्यानंतर कार्यकर्ते दारोदार फिरायचे आणि भिंतीवर खडूनं खूण करायचे. घरातल्या सगळ्या बाळांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, एखादं बाळ राहिलं असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’च्या घरी पुन्हा जायचं. भारतात त्या जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. किती बाळं आली एवढंच मोजत बसले असते, तर राहिलेल्या बाळाच्या दाराशी कोण गेलं असतं?

माझी नवी यादी

आता मी यादी करते ती हजेरीपटावरून. आधी ३८ क्रमांक लिहायचे, मग रेघा मारायच्या. ज्याच्यापुढे रेघ नाही तिथे मुद्दाम गोल शून्य काढायचं आणि त्या मुलाशी बोलायचं. कारण सगळी शून्यं दिसायला सारखी, पण प्रत्येकामागची गोष्ट निराळी. एकाचं कार्ड हरवलेलं असतं. एकाला घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. एकाला वाचता येत नाही, हे त्यानं कोणाला कळू दिलेलं नसतं. आणि आपल्या उदाहरणातला क्रमांक २ आठवा. विज्ञानात शून्य, पण गोष्टींची दोन पुस्तकं नेलेली! त्याला न वाचणारा म्हणून कसं चालेल? शून्य हे उत्तर नाही, तिथून विचारायला सुरुवात करायची असते.

त्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी कार्ड दिलं, आणि “माझं चुकलं गं” असंही म्हटलं. ती काही बोलली नाही. कार्ड घेऊन सरळ कपाटापाशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग एक जाडजूड पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, “बाई, हे दोन दिवसांत नाही व्हायचं. आठवडा चालेल?”

चालेल म्हटलं. न चालून सांगते कोणाला!

घरी करून बघा

१. घरातल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहा. लहान, मोठे, आजी, आजोबा, सगळे. आता आठवडाभर, कोणी जेवल्यावर स्वतःचं ताट उचललं की त्याच्यापुढे रेघ मारा. रविवारी कागद सगळ्यांना वाचून दाखवा. शून्य कोणापुढे आलं, ते मला पत्रानं कळवलं नाहीत तरी चालेल!

२. क्रमांक ५ नं तीन पुस्तकं नेली आणि चार वेळा चेंडू नेला. ‘डिस्टिंक्ट’ सांगायला विसरलं तर दुभाष्या पुस्तकं किती सांगेल? आणि चेंडू किती? उत्तर पुढच्या अंकात.

आईबाबांसाठी दोन ओळी: शाळेतली, सोसायटीतली किंवा गावातली कुठलीही यादी हातात आली, की एक प्रश्न जरूर विचारा, ‘ही कुठल्या वहीवरून केली?’ आणि मुलांच्या देखत विचारा. त्यांनाही सवय लागेल.

भेटू या पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत चिंचोके जपून ठेवा, पुन्हा लागणार आहेत!

तुमची बाई